छायाचित्रांची हर्राशी आणि कर्त्याचा हक्क

जालना जिल्ह्यातील माणसाला लिलाव समजावून सांगावा लागत नाही. बाजार समितीच्या आवारात मोसंबीच्या ढिगापाशी उभे राहून चढत जाणारी बोली ऐकणारा बागाईतदार असो, किंवा राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ २०१८ साली जालन्यातच सुरू झाल्यामुळे, जो माल घेऊन पूर्वी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे तो आता घराजवळच विकू लागलेला तुतीचा शेतकरी असो, दोघांनाही हर्राशीचे मर्म पिढीजात व्यवहाराने उमगलेले आहे. माल घेणाऱ्याच्या नजरेखालून आणि हाताखालून गेला पाहिजे. प्रतवारीत खोट राहता कामा नये. आणि पुकारलेला भाव मनास न आला तर आपला माल पुन्हा गाडीत भरून नेण्याची मुभा विकणाऱ्यास असली पाहिजे. या अटी जेथे पाळल्या जातात तेथे लिलावाइतका निकोप विक्रीमार्ग दुसरा नाही, कारण त्यात वस्तूचे मोल कोणा एकाच्या मर्जीवर न ठरता चारचौघांच्या देखत ठरते.

हे सारे येथे सांगण्याचे कारण एक वेगळाच जिन्नस आहे. गेल्या पाव शतकात कलात्मक छायाचित्रांची विक्री इंटरनेटवरील लिलावांतून होऊ लागली असून, मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या सॅफ्रनआर्टसारख्या संस्थेने भारतीय कलेचा लिलाव सभागृहातून काढून संगणकाच्या पडद्यावर नेण्याचे धाडस अशा काळी केले, की ज्या काळी आपल्याकडे पडद्यावर पाहून साडीदेखील कोणी विकत घेत नसे. आज भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी येथे बसलेल्या छायाचित्रकाराला आपली कृती मुंबईच्या, लंडनच्या किंवा सिंगापूरच्या संग्राहकापुढे मांडता येते. त्यासाठी काळा घोड्याच्या कलादालनांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, कोणाची शिफारसपत्रे गोळा करावी लागत नाहीत. या सोयीचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु लिलावाचे बाह्य रूप तेवढे उचलून त्याच्या अटी मागे ठेवल्या गेल्या, तर तो विक्रीमार्ग निकोप राहत नाही. आणि छायाचित्रांच्या बाबतीत आज नेमके तसेच घडत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. माल दिसतो पण हाती लागत नाही, प्रतवारीची हमी तोंडदेखली असते, आणि ज्याने ती कृती निर्माण केली त्याचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपुष्टात येतो. यांतील शेवटची गोष्ट तर आपल्या कायद्यानेच तशी ठेवलेली आहे.

छायाचित्र ही कला आहे की यंत्राची करामत, हा जुना वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. बाजाराने तो केव्हाच निकालात काढला आहे. २०२२ च्या मे महिन्यात मॅन रे यांच्या एका छायाचित्रास न्यूयॉर्क येथे एक कोटी चोवीस लाख डॉलर किंमत आली, आणि त्याच वर्षी एडवर्ड स्टायकेन यांनी टिपलेल्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या चित्रास एक कोटी अठरा लाख डॉलर. आपल्याकडे मात्र वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्रास २०२१ साली ३९ कोटी ९८ लाख रुपये आणि अमृता शेरगिल यांच्या चित्रास २०२३ साली ६१ कोटी ८० लाख रुपये मिळालेले असताना, भारतीय छायाचित्र त्या पंक्तीच्या आसपासही पोचलेले नाही. याचे कारण आपल्या लोकांस छायाचित्राची गोडी नाही हे नव्हे. ज्या देशात घराघरांतील भिंतींवर वाडवडिलांच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या जातात तेथे तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण विश्वासाच्या अभावात आहे. एकाच काचेवरून वा फिल्मवरून कितीही प्रती निघू शकतात, आणि आज तर संगणकातील एका संचिकेवरून हव्या तितक्या प्रती कोणत्याही शहरात छापता येतात. मग आपण घेतली ती कितवी, कोणी छापलेली, केव्हाची, आणि उद्या आणखी किती निघतील, हे ज्याला खात्रीने कळत नाही तो सुज्ञ ग्राहक थैलीचे तोंड आवळून धरतो.

आपल्या मुलुखाचा इतिहास पाहिला तर या विश्वासाची परंपरा येथे नव्हती असे म्हणता येत नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत जालना हे निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, आपल्या दरबारी जो छायाचित्रकार नेमला त्या लाला दीनदयाळ यांची कारकीर्द भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातील एक उज्ज्वल प्रकरण आहे. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेल्या, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेतलेल्या आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेऱ्याच्या नादी लागलेल्या या गृहस्थाने सिकंदराबाद, हैदराबाद आणि १८९६ पासून मुंबई येथे स्टुडिओ थाटले, निजामाकडून ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळवला, आणि वेरूळ, अजिंठा, दौलताबाद या आपल्या परिसरातील स्थळांची जी चित्रे घेतली ती आजही अभ्यासकास प्रमाण वाटतात. मला त्यांच्या कलेइतकाच त्यांच्या दप्तराचा आदर वाटतो. त्यांच्या दृश्यचित्रांच्या तळाशी बहुधा पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते; म्हणजे प्रत कोणाच्याही हाती गेली तरी ती कोणत्या काचेची, कोणत्या स्थळाची, हे तिच्यासोबतच प्रवास करीत राही. सव्वाशे वर्षांपूर्वी, जेव्हा तंबू ठोकून, काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून चित्रे घ्यावी लागत, तेव्हा जी शिस्त पाळता आली, ती आज बोटाच्या एका स्पर्शाने नोंद करता येण्याच्या काळात पाळली जात नाही, हे खेदकारक आहे.

दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील २,८५७ काच-निगेटिव्हे १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतली, म्हणून ती राष्ट्राच्या मालकीची झाली. परंतु त्या काळी इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि प्रवासी यांनी घेतलेले त्यांच्या प्रतींचे संग्रह विलायतेत गेले, वारसांच्या माळ्यांवर पडून राहिले, आणि गेल्या काही दशकांत तेथील लिलावांत एकामागून एक येऊ लागले. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रे निगुतीने गोळा करून जो संग्रह उभा केला, त्यावाचून आपल्या पूर्वजांचे, किल्ल्यांचे आणि घाटांचे कितीतरी दर्शन आपणांस परक्यांच्या कपाटांतूनच घ्यावे लागले असते. ऑनलाइन लिलावाने या बाबतीत एक मोठे काम केले आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल : लंडनमधील एखाद्या पेढीच्या सूचीत दौलताबादचे चित्र आले तर ते येथील महाविद्यालयातील इतिहासाच्या अध्यापकालाही त्याच दिवशी दिसते. त्याला ते घेता येत नसेल, परंतु ते अस्तित्वात आहे एवढे तरी कळते. पूर्वी तेही कळत नसे.

आणि प्रती अनेक असणे हे छायाचित्राचे वैगुण्य आहे, असे मानणाऱ्यांनी अजिंठ्याचीच कथा आठवावी. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यास १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले गेले. त्याने वर्षानुवर्षे त्या अरण्यात राहून रंगवलेल्या भव्य नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केलेल्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. परंतु गिलने उत्तरायुष्यात अजिंठा-वेरूळची जी छायाचित्रे घेतली, ज्यांपैकी काही १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली, ती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आजही पाहावयास मिळतात. एकमेव असलेली वस्तू एका ठिणगीने गेली आणि अनेक असलेली टिकली. तेव्हा छायाचित्राच्या अनेकत्वाची लाज बाळगण्याचे कारण नाही. ते अनेकत्व किती, एवढेच प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे.

ते सांगितले जात नाही तेव्हा काय होते, याचे दाखले अमेरिकेसारख्या, जेथे हा बाजार सर्वांत जुना आणि जाणकार मानला जातो, त्या देशातच सापडतात. गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या बालकांची चित्रे घेऊन ज्यांनी एका राष्ट्राची सदसद्‌विवेकबुद्धी जागी केली ते ल्युईस हाईन १९४० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत छापलेल्या म्हणून मोठ्या किमतीस विकल्या गेलेल्या अनेक प्रतींची पुढे शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या कागदात पांढरेपणा वाढवणारे असे रसायन आढळले, की जे छायाचित्रणाच्या कागदात हाईन यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी वापरले जाऊ लागले. ज्या माणसाचे सारे आयुष्य सत्य दाखवण्यात गेले त्याच्याच नावावर असत्य विकले जावे, याहून क्लेशकारक गोष्ट कोणती? दुसरा दाखला इतका काळा नाही, पण अधिक बोधप्रद आहे. विल्यम एगल्स्टन या नामवंत छायाचित्रकाराने आपल्या जुन्या, मर्यादित आवृत्तीत विकलेल्या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नव्या डिजिटल प्रती काढल्या आणि २०१२ च्या मार्चमध्ये अशा ३६ प्रतींच्या लिलावातून सुमारे ५९ लाख डॉलर उभे राहिले. ज्या संग्राहकाजवळ जुन्या आवृत्तीच्या प्रती होत्या त्याने, आपल्या प्रतींचे मोल घटले म्हणून, न्यायालयात दाद मागितली. परंतु आकार आणि प्रक्रिया वेगळी असल्यामुळे ही नवी आवृत्ती होय, या कारणास्तव त्याचा दावा पुढील वर्षी फेटाळला गेला. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. ‘दहा प्रती’ असे ऐकून ज्याने पैसे मोजले त्याला मात्र त्या दहा केवळ त्या आकारापुरत्या आहेत हे कोणी आधी सांगितले होते काय, हा प्रश्न उरतोच.

सभागृहातील लिलावात निदान दोन-तीन दिवस आधी माल पाहण्यास खुला असतो. जाणता माणूस प्रत उजेडाकडे तिरपी धरतो, कागदाचा पोत बोटांनी चाचपतो, मागच्या बाजूची सही, शिक्का, पेन्सिलीची अक्षरे वाचतो. चांदीच्या क्षारांवर उमटलेली काळसर छटा आणि शाईच्या फवाऱ्याने उमटलेली काळसर छटा यांतील भेद त्याच्या डोळ्यास कळतो. पडद्यावर हे सारे भेद मावळतात. १८८५ ची अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरील प्रत आणि परवा छापलेली तिची नक्कल पडद्यावर सारखीच पिवळी दिसतात. किंबहुना नक्कलच अधिक देखणी दिसते. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील एका खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला आणि त्या एकाच निगेटिव्हवरून पुढची कित्येक दशके स्वहस्ते शेकडो प्रती काढल्या. आरंभीच्या प्रतींतील आकाश फिकट आणि मेघांकित, तर नंतरच्यांतील गडद होत गेलेले. जाणकार त्यांतला फरक प्रत हाती घेऊन वाचतो आणि त्याप्रमाणे भिन्न मोल देतो. पडद्यापुढील नवख्यास तो फरक केवळ आपल्या यंत्राच्या उजेडाचा वाटतो.

म्हणून ऑनलाइन लिलावात ज्या गोष्टी डोळ्याने आणि हाताने पडताळता येत नाहीत त्या लेखी हमीने भरून काढणे हे लिलावकर्त्याचे कर्तव्य ठरते. चित्र कोणत्या साली घेतले आणि ही प्रत कोणत्या साली छापली, ही दोन वर्षे निरनिराळी लिहिली पाहिजेत. प्रत स्वतः कर्त्याने छापली, त्याच्या देखरेखीखाली दुसऱ्याने छापली, की त्याच्या पश्चात वारसांनी, हे नमूद हवे. आवृत्ती मर्यादित म्हटली तर सर्व आकार आणि सर्व प्रक्रिया मिळून एकूण किती, कर्त्याने स्वतःजवळ राखलेल्या प्रती धरून किती, याचा एकच आकडा दिला पाहिजे. आकारागणिक वेगळी मोजदाद करून ‘पाचपैकी तिसरी’ असे लिहिणे मी फसवणुकीच्या जवळपासचे मानतो. यावर कोणी म्हणेल की एवढा काटेकोरपणा बाजारास झेपणार नाही. ज्या जिल्ह्यात कोषाचा प्रत्येक ढीग प्रतवारी पाहून बोलीला चढतो, त्या जिल्ह्यातील माणसास हा युक्तिवाद पटणे कठीण आहे.

बोलीविषयीही थोडे सांगणे भाग आहे. राखीव किंमत गुप्त ठेवून, तेथपर्यंत विक्रेत्याच्या वतीने लिलावकर्त्यानेच बोली चढवीत न्यावी, ही मुभा मोठमोठ्या पेढ्या आपल्या नियमावलीत राखून ठेवतात. आपला १९३० चा मालविक्री अधिनियम या बाबतीत पुष्कळ सरळ आहे : विक्रेत्याने बोलीचा हक्क उघडपणे राखला नसेल तर त्याने अथवा त्याच्या हस्तकाने बोली लावणे बेकायदा ठरते, आणि खोट्या बोलीने किंमत फुगवली असेल तर व्यवहार मोडण्याचा अधिकार घेणाऱ्यास राहतो. सभागृहात निदान हात वर करणारा दिसतो. संगणकावर बोली लावणारा म्हणजे एक क्रमांक, आणि तो क्रमांक कोणाचा हे लिलावकर्त्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. तेव्हा या कलमाची अंमलबजावणी ऑनलाइन लिलावाच्या बाबतीत कोणी आणि कशी करावयाची, याचा विचार सरकारने स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे.

आता कायद्यातील त्या उणिवेकडे वळतो, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने छायाचित्राची गणना चित्र आणि शिल्प यांच्या जोडीने कलाकृतींत केलेली आहे, आणि त्यासाठी ते कलागुणसंपन्न असले पाहिजे अशीही अट घातलेली नाही. तरीही संरक्षणाच्या मुदतीत मात्र दीर्घकाळ पंक्तिप्रपंच होता : चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चाले, तर छायाचित्राची मुदत त्याच्या प्रसिद्धीपासूनच मोजली जाई. २०१२ च्या दुरुस्तीने कलम २५ वगळून हा भेद मिटवला आणि छायाचित्रकारास चित्रकाराच्या बरोबरीने बसवले. पण कलम ५३-अ तसेच राहिले. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार, दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस चित्र, शिल्प किंवा रेखाटन यांची मूळ प्रत, अथवा वाङ्मयीन, नाट्य वा संगीतकृतीचे मूळ हस्तलिखित पुन्हा विकले गेले, तर मूळ कर्त्यास किंवा त्याच्या वारसांस त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. या यादीत छायाचित्र नाही. म्हणजे अंबडच्या एखाद्या तरुणाने आपली प्रत आज पाच हजारांत विकली आणि वीस वर्षांनी ती लिलावात पाच लाखांस गेली, तर त्या वाढलेल्या मोलातील एक छदामही तो हक्काने मागू शकत नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या चित्रकाराला मात्र कायदा तो अधिकार देतो.

या भेदाचे समर्थन असे करता येईल, की छायाचित्रास ‘मूळ प्रत’ अशी नसतेच. परंतु ही अडचण इतरांनी केव्हाच सोडवलेली आहे. कलावंताला पुनर्विक्रीत वाटा देण्याचा कायदा फ्रान्सने १९२० सालीच केला. आणि युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात हा वाटा मिळणाऱ्या कृतींच्या यादीत छायाचित्राचा स्पष्ट शब्दांत समावेश असून, कर्त्याने स्वतः किंवा त्याच्या अधिकाराने मर्यादित संख्येत काढलेल्या प्रती मूळ कलाकृती समजाव्यात, असे तेथे म्हटले आहे. वाटा पहिल्या पन्नास हजार युरोंवर सामान्यतः चार टक्के, पुढे उतरत जाणारा, आणि कमाल मर्यादा साडेबारा हजार युरो. एवढ्याने तेथील कलाबाजार उठून गेला नाही. आपल्या कलमात एका शब्दाची भर आणि आवृत्तीविषयी एक स्पष्टीकरण, इतकेच काम आहे. मराठवाड्याच्या खासदारांपैकी कोणी एकाने जरी हा प्रश्न लावून धरला तरी दूर महानगरांतील कलावंतही त्यांचे ऋणी राहतील. आणि या तरतुदीचा एक आनुषंगिक लाभ असा, की ज्याला वाटा हवा त्याला प्रतींची नोंद ठेवावीच लागेल. मग घेणाऱ्यास जी हमी आज मिळत नाही ती आपोआप निर्माण होईल.

हक्काची गोष्ट निघाली आहे तर कॅमेऱ्यासमोर जो उभा असतो त्याचाही विचार टाळता येत नाही. मराठवाड्याची म्हणून जी छायाचित्रे बाहेरच्या जगात पोचतात त्यांत दुष्काळाची फार. २०१२-१३ सालच्या अवर्षणात जालना जिल्ह्याची जी होरपळ झाली, मोसंबीच्या बागांच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या, त्या काळात कितीतरी कॅमेरे या गावांतून फिरून गेले. रिकामा हंडा घेऊन उभी असलेली बाई, सरपणासाठी तोडलेले मोसंबीचे झाड, टँकरभोवतीची झोंबाझोंबी : ही चित्रे घेतलीच पाहिजेत, ती नसती तर राज्यकर्त्यांची झोपही मोडली नसती. परंतु वृत्तपत्रात छापून येणे निराळे आणि तेच दुःख सोनेरी चौकटीत बसून बोलीवर चढणे निराळे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी चित्रे घेतली त्यांत त्या माणसांची प्रतिष्ठा कोठेही खाली आली नाही, कारण ते काम त्या लोकांशी दीर्घकाळ संबंध ठेवून झालेले होते. लिलावात येणाऱ्या अशा प्रत्येक चित्राबरोबर, त्यातील व्यक्तीची संमती होती काय, एवढी एक ओळ असावी, असे मला वाटते. संमती नसेल तर ते चित्र इतिहासाच्या दप्तरात राहू द्यावे. हर्राशीत आणू नये.

आमच्याकडील जुन्या स्टुडिओचालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. तालुक्यातालुक्यांतून चार-पाच दशके चाललेल्या स्टुडिओंतील निगेटिव्हांचे डबे भंगारात जात आहेत. त्यातील चांदी काढून घेण्यासाठी ते किलोवर विकले जातात, आणि त्याबरोबर एका समाजाचे लग्नसोहळे, उरूस, शाळांचे वर्ग आणि जत्रा नाहीशा होतात. आता जुन्या छायाचित्रांना ऑनलाइन गिऱ्हाईक आहे असे कळल्यावर काहींच्या मनात त्यांच्या प्रती काढून विकण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. परंतु कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. डबा आपल्या कपाटात आहे म्हणून आतील चेहरे आपले होत नाहीत. जे स्वतःच्या ऊर्मीने काढले, अन्व्याच्या मंदिरातील शिल्पे, जांबसमर्थची रामनवमी, अंबडची बारव, आठवडी बाजार, ते मात्र निःशंकपणे आपले. आणि विकावयाचे तर त्याचीच निवड करावी.

नवोदितांना माझे सांगणे थोडे निराळे आहे. पहिलीच कृती लिलावात देण्याची घाई करू नये. लिलावात न विकलेली वस्तू सर्वांस दिसते, तिची नोंद वर्षानुवर्षे राहते, आणि पुढचा घेणारा ती नोंद पाहूनच हात आखडतो. बाजार समितीतून परत नेलेली मोसंबी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजारात नव्या भावाने विकता येते. छायाचित्राला ती सवलत नाही. तेव्हा आरंभी निश्चित किमतीने, थेट, ओळखीच्या संग्राहकास विकावे, आणि नाव व भाव दोन्ही स्थिरावल्यावरच बोलीकडे वळावे. लिलावकर्त्याचे कमिशन, विमा, पाठवणी आणि हाती रक्कम पडण्याची मुदत हे सर्व आधी लिहून घ्यावे. शेतमालाची पट्टी त्याच दिवशी चुकती व्हावी असा बाजार समितीचा दंडक आहे (तो सदैव पाळला जातो असे मी म्हणत नाही). कलेच्या बाजारात आठवड्यांची, कधी महिन्यांची वाट पाहणे हा रिवाज होऊन बसला आहे आणि त्याविरुद्ध कोणी बोलत नाही.

कलम ५३-अ मध्ये छायाचित्राचा समावेश होईल तेव्हा होवो, तोवर एक उपाय प्रत्येकाच्या हाती आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली सेथ सिगेलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी कलावंतांसाठी एक करारपत्र तयार केले, ज्यात कृती पुन्हा विकली गेल्यास वाढलेल्या किमतीचा पंधरा टक्के भाग मूळ कर्त्यास द्यावा असे कलम होते. तसे साधे मराठी खरेदीखत, प्रतीचा क्रमांक, छपाईचे वर्ष, एकूण आवृत्तीचा आकडा आणि पुनर्विक्रीतील वाटा यांची स्पष्ट नोंद करून, प्रत्येक प्रतीसोबत दोन्ही पक्षांच्या सहीने करता येईल. असा करार पहिल्या घेणाऱ्यास बांधतो. त्याच्यापुढील तिसऱ्या-चौथ्या मालकास तो सहजासहजी बांधीत नाही, ही त्याची मर्यादा आहे, आणि ती मर्यादा केवळ कायद्यानेच ओलांडता येईल.